लोकेशन बंद करण्याआधी अर्ज करायचा असतो

विक्रोळीच्या एका ताईंचं पत्र आहे. भावाला पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, दहा वर्षांची शिक्षा झाली, अपील चालू असताना उच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडलं. अट अशी की मोबाइलचं लोकेशन चोवीस तास तपास अधिकाऱ्याला दिसलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने असली अट बेकायदा ठरवल्याचं कुठेतरी वाचून त्याने महिनाभर लोकेशन बंद ठेवलं. आता सरकारी वकिलांनी जामीन रद्द करायचा अर्ज केलाय. सोसायटीच्या बोर्डावर त्याचा फोटो लागलाय, तो वेगळाच. भावाला काही हक्क उरलेत का, असं त्या विचारतात. या धाटणीची पत्रं हल्ली वरचेवर येतात.

ताई, तुमचा भाऊ शिक्षा भोगून आलेला नाही. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याची शिक्षा स्थगित आहे, एवढंच. सगळं यावर ठरतं. शिक्षा पूर्ण झालेल्या माणसाला आपल्याकडे जन्मभर ट्रॅकर लावण्याचा कायदा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३९४ खाली पत्ता कळवत राहण्याचा आदेश होऊ शकतो, पण तो दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला, शिक्षा सुनावतानाच आणि फार तर पाच वर्षांसाठी. पायात ट्रॅकरचा पट्टा घालतील, अशी भीती तुम्ही पत्रात लिहिली आहे. केंद्राच्या २०२३ च्या नमुना तुरुंग कायद्यात तो आहे, पण रजेवर सुटणाऱ्या कैद्यासाठी, आणि त्याची तयारी असेल तर. तुमच्या भावाचा त्याच्याशी संबंध नाही.

त्याचा संबंध आहे तो स्थगितीच्या आदेशातल्या अटीशी. तुम्ही वाचलेला निकाल फ्रँक व्हायटस खटल्याचा, ८ जुलै २०२४ चा. आरोपीच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येईल अशी अट जामिनाला घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय. निकाल चांगलाच आहे. पण तो आरोपी दोषी ठरलेला नव्हता, तुमचा भाऊ ठरलाय. त्यामुळे तो निकाल इथे किती चालेल, हे हायकोर्टावर आहे. आणि चालला तरी आदेशातली अट आपोआप पुसली जात नाही. कोर्ट बदलेपर्यंत ती पाळायचीच असते. निकाल आल्यावर अर्ज करायला कोणी अडवलं होतं? वकिलांना एक फोन केला असता तर आज जामीन रद्द करण्याच्या अर्जाला उत्तर द्यायची वेळ आली नसती. एवढ्या शिक्षेत तसा अर्ज करायची मुभा त्याच संहितेच्या कलम ४३० नेच सरकारी वकिलांना दिली आहे.

लोकेशन आजच सुरू करा. मग त्याच प्रलंबित अपिलात अट शिथिल करण्याचा अंतरिम अर्ज टाका, सत्र न्यायालयात नव्हे. बंद ठेवलेल्या दिवसांची कबुली प्रतिज्ञापत्रात द्या. तेव्हा तो कामावर असेल तर हजेरीपत्रक जोडा, टॉवरची नोंद पोलीस मोबाइल कंपनीकडून मागवू शकतातच. युक्तिवाद व्यवहाराचा करा. लोकेशन व्हॉट्सॲपवरून द्यायचं असेल, तर तिथलं लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं, नंतर नव्याने पाठवावं लागतं. रात्रपाळीतल्या माणसाकडून चोवीस तास ते कसं व्हायचं? त्याऐवजी पोलीस ठाण्यात आठवड्याला हजेरी देतो म्हणा. पीडित मुलीच्या घराजवळ आणि शाळेजवळ न जाण्याची अट असेल तर त्या अटीत बदल मागूच नका. ती अट मुलीच्या संरक्षणासाठी आहे, आणि तिच्या बाजूचं म्हणणं कोर्ट ऐकून घेईलच. अर्ज कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, कधी येईल ते विचारू नका. आपल्या हायकोर्टात अपिलं वर्षानुवर्षं पडून असतात आणि अर्ज त्यांच्या मागे. तातडीची सुनावणी मागा, कारण जामीन रद्दचा अर्ज आधी लागला तर तुमचं म्हणणं बचाव म्हणूनच ऐकलं जाईल.

फोटोचं सांगतो. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस यंत्रणेला दिसते, सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही. शिवाय मुलगी त्याच इमारतीतली असेल तर त्या फोटोवरून तिची ओळख उघड होते, आणि पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सेक्रेटरींना नोटीस वकिलामार्फत, याच मुद्द्यावर पाठवा. भावाच्या बदनामीचा विषय त्यात आणू नका, आणि त्याला स्वतः सेक्रेटरींकडे भांडायला तर मुळीच पाठवू नका.