दोन लेव्हल फायटरच्या घेऊ का?

प्रश्न: ताई, आम्ही दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन खेळायचा गेम खेळतो, पाचवी एडिशन, २०१४चे नियम. माझा विझार्ड (जादूगार) आत्ता तिसऱ्या लेव्हलला आहे आणि डीएम (गेम चालवणारा) म्हणतोय गेम आठव्या लेव्हलपर्यंतच जाईल. ॲक्शन सर्ज (एका टर्नमध्ये एक जादा ॲक्शन) मिळावा म्हणून पुढच्या दोन लेव्हल विझार्डऐवजी फायटरच्या (लढवय्याच्या) घेऊ का? पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) खेळणारा मित्र म्हणतो नुसता विझार्ड बोअर होतो.

उत्तर: अरे, इंटेलिजन्स १३ आणि स्ट्रेंथ किंवा डेक्स्टेरिटी १३ असेल आणि डीएम हो म्हणत असेल तर नियमात बसतंय, पण आत्ता नको रे, खरंच नको. हिशोब बघ ना, चौथी-पाचवी लेव्हल फायटरला दिलीस तर विझार्डच्या पाचव्याला येणारा फायरबॉल हा स्पेल (जादू) तुझ्याकडे एकूण सातव्या लेव्हलला येणार, म्हणजे गेम संपत आल्यावर! इंटेलिजन्स वाढवायची चौथ्याची संधी पण सहाव्यावर जाते. तोपर्यंत तुझा मित्र पाचव्यापासूनच एका टर्नला दोन वार करत असेल आणि डीएम मॉन्स्टर पण त्याच ताकदीचे आणणार. प्रोफिशियन्सी बोनस (सराव असलेल्या गोष्टींत फाशात मिळवायचा आकडा) आणि कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल) एकूण लेव्हलवर वाढतात म्हणून लोकांना वाटतं काही बिघडत नाही, पण साध्या फायटरच्या लेव्हलने स्पेल स्लॉट (मोठे स्पेल टाकायचा कोटा) एकही वाढत नाही.

आणि विझार्ड बोअर कसा काय? दर लेव्हलला पुस्तकात दोन नवे स्पेल, वर सापडलेल्या स्क्रोलमधून उतरवून घ्यायचे ते वेगळेच, मला तर यातच सगळ्यात जास्त मजा वाटते.

अगदीच हौस असेल तर आधी पाच लेव्हल विझार्ड पूर्ण कर, मग सहावी-सातवी फायटर घे. मिडियम आर्मर आणि शील्ड वापरता येईल, आणि ॲक्शन सर्जने एकाच टर्नमध्ये दोन फायरबॉल, प्रत्येकी ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८ डॅमेज. फक्त तेव्हा फायरबॉलला लागणारे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (स्पेलची लेव्हल वेगळी मोजतात) दोनच असतात त्यामुळे ते तिथेच संपतील, आणि पॉलिमॉर्फसारखे (रूप बदलणारे) चौथ्या लेव्हलचे स्पेल या गेममध्ये मिळणारच नाहीत. कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हची (दम टिकवायला टाकायच्या फाशाची) प्रोफिशियन्सी पण मिळणार नाही हं, ती फायटरपासून सुरुवात केली तरच मिळते.

तुमचं टेबल मध्येच २०२४च्या नियमांवर जाणार का हे डीएमला आधीच विचार, कारण त्यात ॲक्शन सर्जच्या जादा ॲक्शनमध्ये असे स्पेल टाकताच येत नाहीत.