माकडाच्या मेंदूतला जीन बंद कशाला करतात?

प्रश्न: बाबांना पार्किन्सन आहे, मिरजेत ट्रीटमेंट चालूये. वाचलं की जीन बंद करून माकडांना मुद्दाम असा आजार आणतात. उंदरावर भागत नाही का?
- एक वाचक, तासगाव

उत्तर: ताई, बऱ्याचदा नाही भागत. पिंक-वन नावाचा जीन बिघडला तर माणसाला कमी वयात पार्किन्सन होतो, पण तोच जीन उंदरातून काढला तरी त्याच्या मेंदूतल्या पेशी फारशा मरत नाहीत. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी माकडांत हाच जीन क्रिस्परने (डीएनए कापायच्या तंत्राने) बिघडवला तेव्हा मात्र पेशी मेलेल्या दिसल्या.

बंद करणं म्हणजे सायलेन्सिंग जरा वेगळं, त्यात डीएनए कापतच नाहीत, जीनकडून निघालेली आरएनएची चिठ्ठी वाटेतच फाडतात, की प्रोटीन बनणं कमी होतं. फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हे जंतांमध्ये दाखवलं, २००६ ला नोबेल मिळालं. निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमधून हे मेंदूच्या नेमक्या भागात सोडता येतं, तेही मोठ्या वयाच्या जनावरात, आणि हे फार मोलाचं, कारण हे आजार बहुतेक उतारवयातच येतात ना.

हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात उलट, तिथं बिघडलेलं प्रोटीनच घातक, म्हणून सायलेन्सिंग औषध म्हणूनच तपासतायत.

माकडाला त्रास होतोच, त्यामुळं उंदीर खरंच कमी पडतो तिथंच हे करावं असं मला मनापासून वाटतं.

बाबांच्या गोळ्या यानं आज बदलत नाहीत, वेळा चुकवू नका. आजार पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल तर जेनेटिक टेस्टचं डॉक्टरांना नक्की विचारा.