धुतलेली अंडी आणि निळे ठिपके

प्रश्न: बाई, अंडी आणली की मी ती नळाखाली चोळून धुते आणि मगच फ्रिजमध्ये ठेवते. शंका आली तर पाण्यात टाकून बघते. बुडालं तर चांगलं समजते. तरीही गेल्या महिन्यात घरी केलेलं मेयोनीज खाऊन आम्हा तिघांना ताप आणि जुलाब झाले. धुण्यात काही कमी पडलं का?

उत्तर: कमी नाही, जास्तच झालं म्हणा. दोष अंड्याचाच होता हे नुसत्या पत्रावरून सांगता येणार नाही. खाल्ल्यावर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे लिहायला हवं होतंत. साल्मोनेला या ताप-जुलाब आणणाऱ्या जिवाणूला साधारण ६ तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो. पण मेयोनीज कच्च्या अंड्याचं असेल, तर माझाही पहिला संशय तिथेच जातो.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे तेव्हा दरवर्षी एक प्रयोग करायचे. कोमट अंडं थंडगार निळ्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी फोडायचं. टरफलाच्या आतल्या पापुद्र्यावर निळे ठिपके! टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. अंडं गार होताना आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. निळ्या रंगाच्या जागी आता टरफलावरची विष्ठा धरा. शिवाय छिद्रं झाकणारा नैसर्गिक लेप चोळल्याने निघून जातो, तो वेगळाच. म्हणून मोठ्या प्रमाणावर अंडी धुतात, तिथे पाणी अंड्यापेक्षा निदान ११ अंशांनी गरम ठेवतात. नळाखाली नेमकं उलटं होतं. घाण दिसली तर कोरड्या कागदाने पुसा आणि ते अंडं आधी वापरा.

बुडतं-तरंगतं ही परीक्षा वयाची. अंडं जुनं होतं तशी आतली हवेची पोकळी वाढते, इतकंच. साल्मोनेला असलेलं ताजं अंडं निमूटपणे बुडतं, त्याला वासही येत नाही. त्यातला एन्टरायटिडिस हा प्रकार तर कोंबडीच्या अंडाशयातच असू शकतो. म्हणजे टरफल बनण्याआधीच तो आत, आणि कोंबडी दिसायला ठणठणीत. तिथे धुणं काय करणार?

सुदैवाने पांढऱ्या भागात जिवाणूंना लोह मिळू न देणारं प्रथिन असतं. अंडं उबेत राहिलं की पिवळ्या बलकाचं आवरण सैल पडतं, त्यातलं पोषण बाहेर झिरपतं आणि मग जिवाणूंची चंगळ. म्हणून फ्रिज ४-५ अंशांवर हवा, आणि अंडी त्याच्या दारात नकोत. दार सारखं उघडतं.

मेयोनीजमधल्या आंबट रसावर विसंबू नका. ते करायचंच असेल तर पाश्चरीकरण केलेली अंडी घ्या. एरवी पिवळं-पांढरं दोन्ही घट्ट होईपर्यंत, म्हणजे ७१ अंशांपर्यंत, शिजवा. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं यांना अर्धकच्चं देऊच नका.

हातांचं मात्र कुणी विचारत नाही. मी स्वतः टरफलात उरलेलं पांढरं अंगठ्याने पुसून घ्यायचे आणि त्याच हाताने मिठाचा डबा उघडायचे. हे शिकवणारी बाई! लेकीने एकदा मनगट धरलं तेव्हा ती खोड सुटली.

आता तुमच्या फ्रिजमधल्या धुतलेल्या अंड्यांचं. ती फेकू नका, पूर्ण शिजवून लवकर संपवा. तडकलेलं असेल ते तेवढं टाकून द्या.