गाड्यांच्या धंद्यावर लिहायचंय? मग सातारा सोडू नकोस

नव्या गाडीचे फोटो आणि एक्स-शोरूम किंमत टाकायला मुंबई-दिल्लीची मंडळी बसलीयेत. त्यांच्याशी शर्यत कशाला? तुझ्या उशाशी एमआयडीसी आहे. कूपर कॉर्पोरेशनसारखी इंजिनं आणि सुटे भाग बनवणारी कंपनी साताऱ्यातच आहे. ऑर्डरी आटल्या की रात्रपाळी आधी बंद होते, आणि ते लेथवरच्या माणसाला सगळ्यात आधी कळतं. त्याच्याशी चहा पी. नाव मात्र छापू नकोस, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

आकडे नीट वाच. दर महिन्याला 'विक्री' म्हणून जे येतं, ते बहुतेकदा कंपनीनं डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचं असतं. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना सियाम, तिचे आकडे तसेच. गिऱ्हाइकाच्या दारात किती गेल्या, ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदणीतून कळतं. डीलरांची संघटना फाडा त्यावरूनच आकडे काढते. पाठवणी जास्त आणि नोंदणी कमी, असं दोन-तीन महिने चाललं तर यार्डात माल साठलाय, सवलती येणार. खरी बातमी ही. पोर्टलवर आरटीओनिहाय आकडेही मिळतात: एमएच ११ सातारा, एमएच ५० कराड. दिल्लीवाला हे कशाला बघेल!

वेबसाइटच्या सजावटीवर पैसे घालवू नकोस, साधी चालेल.

जाहिरात घ्यायची तर टायर, बॅटरी, विमावाल्यांपासून सुरुवात कर. ज्या शोरूमबद्दल लिहायचंय त्याची घेतलीच, तर त्या लेखाखाली तसं स्पष्ट लिही. आणि कंपनीनं चाचणीला गाडी दिली, तर ती खंबाटकी घाटात चार माणसं बसवून, एसी लावून चढव.