आधी एक पावसाळा वाड्यात काढ

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून निवांत बसून लिहितोय. पणजोबांच्या वाड्याचं छोटं म्युझियम करायचं म्हणतेस हे वाचून खूप बरं वाटलं, जुन्या नाशकात वाडे पाडून बिल्डिंगा उभ्या राहिलेल्या मी इतक्या बघितल्यात की कुणीतरी वाचवायचं म्हणतंय हेच मोठं. पण तुझ्या यादीत पहिलं रंगकाम, मग लाइटिंग, मग काचेची कपाटं, आणि गळती सगळ्यात शेवटी. ती यादी आधी उलटी कर.

एक पावसाळा त्या वाड्यात काढ. माळ्यावर जाऊन कौलं कुठे सरकलीत, पन्हळ कुठे तुंबते, चौकातलं पाणी बाहेर जातं का भिंतीच्या पायात मुरतं ते स्वतः बघ, खडूने खुणा कर, फोटो काढ. त्यात तुझी गल्ली गंगेकडे, म्हणजे आपल्या गोदावरीकडे उतरणारी. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याला पाणी लागलं की काय होतं ते तुला सांगायला नको, २०१६ चा पूर तूही पाहिलाय. शेजारच्या आजींना विचार, १९६९ ला पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, तिथे खूण कर आणि कागद, कपडे, लाकडी पेट्या असलं काही त्या खुणेच्या खाली ठेवूच नको. खाली जातं, उखळ, तांब्यापितळेची भांडी ठेव.

आणि भिंतीला सिमेंट लावू देऊ नको, कॉन्ट्रॅक्टर कितीही मागे लागू दे. जुन्या विटा मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या, त्या ओल घेतात आणि सोडतात, वरून सिमेंट चोपडलं की ओल आतच अडकते आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजायला लागतं. वीसेक वर्षांपूर्वी एका वाड्याच्या मागच्या भिंतीला माझ्याच सांगण्यावरून सिमेंट प्लास्टर झालं, उद्घाटनाची तारीख ठरली होती, घाई होती. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे आले म्हणून फोडून बघितलं तर सागाची तुळई बोटांनी चुरत होती. अजून आठवलं की पोटात कालवतं. तू चुनाच वापर, नीट भिजवून मुरू दे, जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात, असा गवंडी शोधण्यात दोन महिने गेले तरी जाऊ दे, आणि त्याच्या हाताखाली एखादा पोरगा शिकायला ठेव.

वाडा हेरिटेज यादीत आहे का ते महापालिकेत विचारून घे, असेल तर परवानगीशिवाय एक खिडकीसुद्धा बदलू नको.

वस्तू हलवायच्या आधी जागच्या जागी फोटो काढ आणि रजिस्टर कर, नंबर, कुठे सापडली, कोण वापरायचं, हे तुला कोणी सांगितलं. आत्या अजून आहेत ना, त्यांना घरातून फिरवत फिरवत मोबाइलवर रेकॉर्ड कर, कुठल्या देवळीत दिवा असायचा, पाणी कुठून भरायचे, ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. जुनी पत्रं लॅमिनेट करू नको, ती परत सुटत नाहीत. कागद आणि कापडावर उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर नको, ऊन तर अजिबातच नको.

बाहेरून वस्तू गोळा करत बसू नको. मुंबईला गेलीस की मणिभवन बघ, १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे, त्यांची खोली काचेतून बघायची, आत चरखे, गादी, एवढंच, पण माणूस तिथे गप्प उभा राहतो. तुझं माजघर तसंच ठेवलंस तरी पुष्कळ झालं.

२०२७ च्या सिंहस्थापर्यंत सगळं उघडायचं म्हणतेस, ते मला पटत नाही. ओसरी आणि चौक उघड, तेवढे पुरेत, वरचा मजला तुळया तपासल्याशिवाय लोकांना नको, आणि नंतरही एका वेळी आठ-दहा जणच.

पहिला मोठा पाऊस झाला की फोन कर, मी येतो, टॉर्च आणतो, दोघं मिळून माळा बघू.