वाचकांचे प्रश्न: टर्नटेबल रिसीव्हरला जोडताना

प्रश्न: आजोबांचा टर्नटेबल स्टिरिओ रिसीव्हरच्या ‘ऑक्स’मध्ये जोडला. आवाज पूर्ण वाढवला तरी कुजबुजल्यासारखा येतो आणि डग्गा तर ऐकूच येत नाही. रिसीव्हर बिघडला असेल का? (कोथरूड)

उत्तर: रिसीव्हर ठणठणीत आहे, जागा चुकली आहे. ऑक्समध्ये सीडी प्लेअरसारखा सिग्नल अपेक्षित असतो, तो १ ते २ व्होल्टपर्यंत जातो. टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, निघतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट (हे नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, प्रकाराचं). डग्गा गायब होण्याचं कारण मात्र वेगळं. रेकॉर्ड कापतानाच खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर फार थोडं संगीत मावेल. वरचे सूर उलट वाढवून कापतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की त्यांच्याबरोबर खरखरही दबते. हे प्रमाण १९५४ पासून ‘रिआ’ नावाने ठरलेलं आहे. ते उलटं करून खर्ज परत आणण्याचं आणि सिग्नल साधारण १०० पट वाढवण्याचं काम फोनो प्रीअँप करतो.

रिसीव्हरच्या पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेली जोडी असेल तर प्रीअँप आतच आहे. पांढरी पिन डावीकडे, लाल उजवीकडे लावा, काम झालं. नसेल तर वेगळा फोनो प्रीअँप घ्या. टर्नटेबल त्याच्या ‘इन’ला, त्याचा ‘आउट’ ऑक्सला. एमएमसाठी ४७ किलोओहम (इनपुटचा रोध) आणि ४० डेसिबल (सिग्नलची वाढ) हे आकडे त्यावर बघून घ्या. मूव्हिंग कॉइल या दुसऱ्या प्रकारचं कार्ट्रिज असेल तर ६० डेसिबलच्या आसपास लागेल. टर्नटेबल ते प्रीअँप वायर मीटरभरच ठेवा, लांब वायरीच्या कपॅसिटन्सने वरचे सूर बदलतात. लांबी हवीच असेल तर प्रीअँपच्या पुढे वाढवा.

बऱ्याच नव्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे ‘फोनो/लाइन’ असं बटण असतं; ‘लाइन’वर तो चालू होतो. रिसीव्हरच्या फोनोत लावून बटण ‘लाइन’वर राहिलं, तर दोन प्रीअँप एकामागोमाग लागतात आणि आवाज फाटतो. जुन्या सुटकेसवजा प्लेअरमधलं सिरॅमिक कार्ट्रिज हा अपवाद. त्याचा सिग्नल मुळातच मोठा असतो, ते ऑक्सवर चालतं.

प्रश्न: फोनोला जोडलं, गाणं छान येतं, पण मागे सतत ‘घूंऽऽ’ चालू असतं. शिवाय आमच्या वाड्यात कुणी चाललं की सुई उडते. (शनिवार पेठ)

उत्तर: टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्या वायरींबरोबर एक बारीक तिसरी वायर येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली. ती बहुधा लोंबकळत असेल. रिसीव्हर बंद करून ती ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली आवळा. भिंतीतल्या प्लगच्या अर्थमध्ये ती खुपसण्याचा उद्योग करू नका. अंगचा प्रीअँप असलेल्या काही टर्नटेबलना ही वायर नसतेच.

तरी घूं उरलं, तर टर्नटेबल रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवलाय का बघा. रिसीव्हरच्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट कार्ट्रिज थेट उचलतं. फूटभर बाजूला सरकवला की फरक कळतो. एकाच बाजूने घूं येत असेल किंवा आवाजच नसेल, तर रिसीव्हर बंद करून मागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा. दोष दुसऱ्या स्पीकरवर गेला तर तो टर्नटेबलकडचा. अशा वेळी कार्ट्रिजच्या मागच्या चार इवल्या क्लिपा चिमट्याने हलकेच काढून परत बसवा, पावसाळ्यात त्या काळ्या पडतात. कार्ट्रिजच्या पिनांना डाग मात्र देऊ नका, उष्णतेने आतली गुंडाळी जाते.

लाकडी तक्तपोशीवर कुठलंही स्टँड हलणारच. जाड भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाका, स्पीकर त्या फळीवर नको.

प्रश्न: भावाने अमेरिकेतून जुना बेल्टचा टर्नटेबल आणला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी गायक झोपेत गातोय असं वाटतं. (औंध)

उत्तर: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. जुन्या टर्नटेबलमध्ये बहुधा एसी सिंक्रोनस मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर चालतो. तिथे ६०, इथे ५०. म्हणजे मिनिटाला ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे, आणि काळी दोनमधलं गाणं पांढरी एकच्याही किंचित खाली उतरतं. खात्री करायची तर लेबलवर कागदाची चिठ्ठी चिकटवून मोजा: ३ मिनिटांत १०० फेरे हवेत, तुमच्याकडे ८३ च्या आसपास भरतील. उपाय एकच धड, मोटरवरची पुली ५० हर्ट्झची घालायची. ती मिळाली नाही तर चांगला लेथवाला जुन्या पुलीच्या १.२ पट व्यासाची बनवून देईल; बेल्टची जाडी धरून थोडा फरक पडतो, तो फेरे मोजून काढा. डीसी मोटरच्या टर्नटेबलना ही कटकट नसते.

प्रश्न: जुन्या बाजारातून ७८ च्या रेकॉर्ड आणल्या. एलपीच्याच सुईने वाजवल्या तर? (नारायण पेठ)

उत्तर: वाजतील, पण खरखरच जास्त ऐकाल. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ला ३ मिलची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते. बऱ्याच एमएम कार्ट्रिजना ७८ ची वेगळी सुई मिळते, बदलायला मिनिटही लागत नाही. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे ना, ते आधी पाहा. आणि या रेकॉर्ड लाखेच्या असतात. एलपी पुसायचं अल्कोहोल लावलंत तर लाख विरघळेल. साबणाचा थेंब घातलेलं कोमट पाणी, मऊ फडकं आणि लेबल कोरडं ठेवणं एवढंच पुरे.