आडवी बाटली: सह्या दिल्यात, आता यादीकडे बघा

ताई, गावातल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध सह्यांचा अर्ज देऊन बरेच दिवस झाले आणि कार्यालयातून ‘पडताळणी चालू आहे’ एवढंच ऐकायला मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या बचत गटांनी हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही आणि आमचं प्रकरण जुनं आहे. नियमांची ताजी प्रत राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षक कार्यालयातून मागून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

दुकान बंद करायचं तर आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, हे तुम्हाला माहीत आहेच. गावं आपटतात ती पुढच्या आकड्यावर. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, मत द्यावं लागतं. समजा यादीत 1,000 बायका आहेत. 600 आल्या, त्यातल्या 480 जणींनी बंदीच्या बाजूने मत दिलं, तरी दुकान चालूच. जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकान चालू ठेवण्याच्या, खात्यात. आणि यादीत असतं कोण? वारलेल्या आज्या, सासरी गेलेल्या पोरी, कामासाठी शहरात गेलेली बिऱ्हाडं. म्हणून मोर्चा आणि घोषणा राहू द्या, आधी बीएलओला, म्हणजे गावाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. नावं वगळायला फॉर्म 7, नवीन सुनांची नावं घालायला फॉर्म 6, माहेरच्या यादीत नाव असेल तर ते इकडे आणायला फॉर्म 8. कंटाळवाणं काम आहे, पण निकाल तिथेच लागतो असं माझं ठाम मत आहे.

आता सह्यांची पडताळणी. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आमच्याकडे माणूस आला तो ऐन खुरपणीत, भर दुपारी, दवंडी न देता. बायका रानात. समाजमंदिरात तासभर बसला आणि गैरहजर बायकांपुढे ‘आढळून आल्या नाहीत’ असा शेरा मारून गेला. यादीत नाव ‘कौसल्याबाई’, सही ‘कौशल्या’, म्हणून तीही सही बाद. अंगठ्यांवर तर वेगळीच हुज्जत.

पण सगळ्यात महागात पडलं ते हे नव्हे. सह्यांच्या कागदांची झेरॉक्स दुकानदाराकडे पोचली. कोणी दिली हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. संध्याकाळी दुकानात कोणाची उधारी आहे ते त्याला पाठ, त्यामुळे कोणत्या घरी जायचं हे शोधावं लागलं नाही. आठवडाभरात काही बायकांची प्रतिज्ञापत्रं तयार: ‘कागद कशाचा आहे हे न सांगता सही घेतली.’ मजकूर सगळ्यांचा एकच, टायपिंगची चूकसुद्धा तीच. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, ‘ते आमच्या अखत्यारीत नाही.’ मग कोणाच्या, ते सांगायला साहेब मीटिंगला गेलेले!

म्हणून सह्या 25 टक्क्यांवर थांबवू नका, काही गळतील हे धरूनच चाला. प्रत्येक सहीपुढे यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, नाव यादीत आहे तसंच. अर्ज दिल्याची पोच शिक्क्यासकट घ्या. पडताळणीची तारीख आधी कळवा, असं लेखी मागा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका: फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा नुसत्या त्या अर्जानेच फाइल हलते.

आणखी एक. या मतदानाने फक्त परवान्याचं दुकान बंद होतं, हातभट्टी नाही. तिच्यासाठी पोलिसांकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याचं कलम 93 लावायची, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायची, मागणी करा. सराईत असेल तर एमपीडीएचा, म्हणजे त्याला स्थानबद्ध करायच्या कायद्याचा, प्रस्ताव. नाहीतर दुकान बंद झाल्यावर तोच माल मागच्या गल्लीत येतो.

इथे काही जण म्हणतात, अख्खा जिल्हाच कोरडा करा. वर्धा 1974 पासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली, अवैध दारू आणि गुन्हे वाढले हे कारण देऊन. माझ्या मते, चुकत असेन तर सांगा, गावातल्या बायकांनी मतदान करून बंद केलेल्या दुकानावर त्यांचा डोळा राहतो. जिल्ह्याच्या आदेशावर डोळा ठेवायचा तो खात्याने, आणि खात्याचा अनुभव वर लिहिलाच आहे.

मतदानाच्या आदल्या रात्री साड्या आणि पाकिटं फिरतात, तेव्हा गल्लीगणिक दोघी जागत ठेवा. रोजावर जाणाऱ्या बायकांना सकाळी पहिल्या तासातच मत द्यायला न्या, दुपारनंतर रानातून कोणी परत येत नाही.

अर्जाची तारीख आणि पोचेवरचा आवक क्रमांक जपून ठेवा, पण इथे टाकू नका. दुकानदारही वाचत असतो. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर निरोप करा, आमचा पाठवते.